‘ॲम्नेशिया’ खेळायचा तर असा

भावा, ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) हा शंभरेक वर्षांपूर्वीच्या भयकथांच्या वळणाचा गेम. हेडफोन लावूनच खेळ. आमच्या मंगळवार पेठेत बुलेटची फटफट थांबल्याशिवाय मी तर सुरूच करत नाही. यात हत्यार नाही, त्यामुळं कोल्हापुरी रग घरात ठेव. राक्षस दिसला की दार लाव, अंधारात खाली बस आणि त्याच्याकडं बघू नको. बघितलंस की डॅनियलचं, म्हणजे आपण खेळतो त्या गड्याचं, डोकं फिरतं. अंधारातही फिरतं, पण जरा हळू. कोडं सुटलं की ताळ्यावर येतं. कंदिलाचं तेल राखून वापर. ब्राइटनेस वाढवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पाणी साचलेल्या तळघरातला प्राणी दिसतच नाही, नुसती छपछप. खोक्यांवरनं उड्या मारत जा. उतरावंच लागलं, तर आधी मांसाचा तुकडा लांब फेक, मग पळ.