पाणी तापवणाऱ्या हीट पंपासाठी घरात जागा कशी निवडावी

हीट पंप हवेतील उष्णता ओढून पाणी तापवतो आणि थंड झालेली हवा बाहेर सोडतो, त्यामुळे खान्देशातील गरम हवा एरवी त्याच्या पथ्यावरच पडते. मात्र भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीलगतचे यंत्र आपली तापमानमर्यादा ओलांडून बंद पडू शकते. म्हणून माहितीपत्रकातील कमाल तापमान पाहून उत्तरेची किंवा पूर्वेची, सावलीची पण मोकळी जागा निवडावी. जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात यंत्र स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढते आणि वीज जास्त लागते.

वजनाचा विचार खरे तर सर्वांत आधी करायचा असतो, पण बहुतेकांना तो शेवटी सुचतो. 200 लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन 200 किलो भरते, तेव्हा धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरावर ती ठेवूच नये. अशा घरी अंगणात पक्का ओटा बांधावा. न्हाणीघर जवळ असावे. यंत्रातून ठिबकणारे पाणी नळीने मोरीकडे न्यावे, नाहीतर यंत्र गच्चीवर असल्यास तिथे वाळत घातलेल्या बिबड्यांखाली (ज्वारीच्या पापडांखाली) ओल पोहोचते. उन्हाळ्यात घरची मंडळी गच्चीवरच झोपत असतील, तर घरघर उशाशी येणार नाही असा कोपरा पाहावा.