पेशवे दफ्तरात घराण्याचे कागद शोधायला माणूस लावताय? आधी हे वाचा

घरोघरी कधीतरी विषय निघतोच, आपल्याकडे पाटीलकी होती, कुलकर्णीपण होतं, पेशव्यांनी जमीन इनाम दिली होती, आणि मग कुणीतरी म्हणतं पुण्याला कागद असणार. असतातही बऱ्याचदा. पण पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत, कापडी रुमालांत बांधून ठेवलेले, आडनाव सांगितलं की कागद समोर असं तिथे होत नाही. म्हणून मोडी जाणणारा अभ्यासक पैसे देऊन लावावा लागतो, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यावर अशा लोकांना मागणी फारच वाढलीय.

पहिलं म्हणजे गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं ते बघा. मराठवाड्यातलं असेल तर निजामाचे कागद फारसी-उर्दूत, गोव्यातलं असेल तर पणजीला पोर्तुगीजमध्ये, कोल्हापूर संस्थानचं दफ्तर कोल्हापूरलाच. अशा वेळी पुण्यात मोडी वाचणारा लावून काय करणार?

मग त्याला द्यायची माहिती. नुसतं आडनाव देऊन भागत नाही, कारण जुन्या कागदात कित्येकदा आडनाव नसतंच, "अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक पाटील मौजे अमुक" एवढंच असतं. आजचा तालुकाही फारसा कामाचा नाही, प्रांत, परगणा, तर्फ हे तेव्हाचे महसुली विभाग कुठले होते ते लागतं. वतन कसलं, भाऊबंद कुठे गेले, कुलदैवत कुठलं, सगळं लिहून द्या. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, आधी स्वतः बघून घ्या, त्यातून पणजोबा-खापरपणजोबांची नावं मिळाली तर पुढच्या शोधाचे पैसे बरेच वाचतात.

माणूस पारखायचा कसा तर कुठलंही एक मोडी पान द्या आणि देवनागरीत अक्षराला अक्षर लिप्यंतर मागा, सोबत तारीख इंग्रजी सनात काढायला सांगा. पेशवाईतल्या कागदावर "समान सबैन मया व अलफ" असं अरबी शब्दांत साल असतं, म्हणजे ८ + ७० + १०० + १०००, सुहूर सन ११७८, त्यात ५९९ मिळवले की १७७७, हे साल जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्रावर सुरू होऊन पुढच्या मृगापर्यंत, म्हणून १७७७-७८. हे ज्याला येत नाही त्याला वंशावळ शोधायला देऊ नका. आणि जो न अडखळता सगळंच वाचून दाखवतो त्याच्यापेक्षा दोन शब्द "लागत नाहीत" म्हणून कोरे सोडणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता पैशाचं, इथेच माझं चुकलं होतं. पहिल्यांदा ज्याला काम दिलं त्याने "कागद मिळाला तरच पैसे" असं सांगितलं, मला वाटलं किती चांगलं, आणि महिन्याभरात एका सरदार घराण्याला जोडलेली सुंदर छापील वंशावळ हातात आली, पण रुमाल नंबर एकही नाही. मिळाल्यावरच पैसे असतील तर माणूस काहीतरी मिळवतोच हो! म्हणून शोधण्याची मजुरी दिवसावर ठरवा, लिप्यंतराची पानावर, दोन्ही वेगळी, टप्प्याटप्प्याने द्या, आणि लेखी घ्या की कुठले रुमाल बघितले याची यादी, काही नाही निघालं तरी, मिळालीच पाहिजे. मिळालेल्या प्रत्येक कागदाला दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडके क्रमांक, मूळ कागदाचा फोटो किंवा नक्कल, ओळीला ओळ लिप्यंतर, आणि अर्थ वेगळ्या पानावर.

दुसऱ्या अभ्यासक बाईंनी मला आधी तीन आठवड्यांच्या कामानंतर ज्यांत आमचं काहीच निघालं नाही अशा रुमालांची नुसती यादीच दिली. जीव खट्टू झाला पण त्याच यादीवरून त्यांनी प्रांत वाईच्या रुमालांचा नाद सोडला आणि इनाम कमिशनच्या कागदांकडे वळल्या, कारण इंग्रजांनी १९व्या शतकात इनामं तपासली तेव्हा वतनदारांकडून कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, घेतल्या होत्या आणि त्यात लोकांनी आपापल्या पिढ्या सांगितल्यात. तिथे आमच्या खापरपणजोबांची कैफियत निघाली, पाच पिढ्या, भावांची नावं, विहिरीचा वाद सुद्धा. वाचताना मी खरंच रडलो.

जातीच्या दाखल्यासाठी कागद हवा असेल तर खासगी लिप्यंतरावर थांबू नका, रुमाल नंबर देऊन पुराभिलेखागाराच्या कार्यालयाकडूनच साक्षांकित नक्कल मागा, तो अर्ज स्वतःच्या नावाने करा.