मुंबई–न्यूयॉर्क प्रवासाचा हिशेब करताना या चुका टाळा

मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांची तिकिटं मी अठरा वर्षं काढून देते आहे. गोंधळ दरवेळी तेच होतात.

पहिला गोंधळ घड्याळाचा. तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ पहाटे १:३०, न्यूयॉर्कला पोचायची सकाळी ७:००. लगेच फोन येतो, "अहो, साडेपाच तासांत पोचतं की!" छापलेल्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे हा प्रवास १६ तासांचा झाला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात; त्या काळात फरक साडेनऊ तासांचा. मी बोटांवर मोजत बसत नाही. पोचायची वेळ आधी भारतीय वेळेत लिहून काढते आणि मगच वजाबाकी करते.

अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. त्याला ताशी ९०० ने भागून १४ तास काढू नका. पश्चिमेकडे जाताना वरचे जोरदार वारे समोरून येतात, येताना तेच पाठीशी असतात; म्हणून परतीला तास-दीड तास कमी लागतो.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पट्टी सहारा वाळवंटावरून जाते, पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट मात्र स्वीडनच्या आसपासून. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा, लगेच पटेल. विमान तंतोतंत त्या दोऱ्यावरून जातंच असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला.

आता जी चूक मला सर्वांत जास्त छळते ती. सांगलीचे एक काका-काकू, तिकीट १५ तारखेचं, वेळ रात्री १२:५०. मी फोनवर सांगितलं होतं, "१४ ला रात्री विमानतळावर या." काकांनी तिकीट वाचलं, "१५ ला रात्री" असं धरलं आणि १५ ला रात्री नऊला पोचले. दारावरच्या जवानाने तिकिटावरच्या वेळेवर बोट ठेवलं : "हे तर काल मध्यरात्रीच गेलं." काकूंच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. तिकडे मुलीला नववा महिना. तिसऱ्या दिवशीची तिकिटं मिळाली, पण कितीतरी महाग. चूक माझीही होती, तोंडी सांगून भागत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते : "शनिवारी रात्रीचं जेवण घरी, जेवून लगेच निघायचं." तारीख त्याखाली.

"ॲपवर सगळं दिसतं" म्हणणाऱ्या घाईच्या पोरांनी तरी आईवडिलांना एकदा असं लिहून द्यावं.

न्यूयॉर्कहून पुढे दुसरं विमान असेल तर मध्ये दीड तास ठेवू नका. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच पासपोर्टची रांग लागते आणि बहुधा बॅगाही तिथेच उचलून पुन्हा द्याव्या लागतात. मी चार तासांखाली तिकीट काढत नाही, दोन हजार रुपये वाचत असले तरी.