कुत्र्याला वृद्धाश्रमात थेरपीसाठी न्यायचंय? मग आधी हे वाचा

"आमचा ब्रूनो फार प्रेमळ आहे हो, सगळ्यांच्या अंगावर उड्या मारतो, त्याला थेरपी डॉग करता येईल का?" हा प्रश्न मला सारखा येतो आणि उत्तर त्या वाक्यातच आहे, उड्या मारतो म्हणजे सध्या तरी नाही. ऐंशी वर्षांच्या आजींवर तीस किलोचा लॅब्राडोर प्रेमाने जरी आदळला तरी खुब्याचं हाड जायचं ते जाणारच. थेरपीसाठी प्रेमळपेक्षा शांत कुत्रा लागतो, अनोळखी माणूस आला की स्वतःहून हळू जवळ जाणारा आणि नको म्हटलं की बाजूला बसणारा. जात कुठलीही चालते. आमची चिंगी रस्त्यावरून उचललेली देशी आहे, आणि छोट्या केसांमुळे उलट सोपं पडतं, अंगावरची गोचीड लगेच दिसते.

आधी एक फरक समजून घ्या. नुसतं भेटायला जाणं वेगळं आणि थेरपी वेगळी. भेटीत आजी-आजोबा कुत्र्याला कुरवाळतात, गप्पा होतात, दिवस बरा जातो, त्यातही खूप काही आहे. थेरपीत मात्र फिजिओ किंवा सायकॉलॉजिस्ट बरोबर असतो आणि ठरवलेलं काहीतरी साधायचं असतं. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना असं दिसलं की बोलायला तयार नसलेलं मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मोकळं होतं, मग त्यांनी १९६२ मध्ये कुत्रा सहाय्यक थेरपिस्ट म्हणून कसा उपयोगी पडतो यावर पेपर लिहिला, तिथून हा विषय लोकांनी गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन मानसतज्ज्ञांना बरोबर घेऊन हे काम करतं. एकट्याने सुरू करण्यापेक्षा अशा लोकांशी आधी बोला. आणि हो, कुत्र्याला कुरवाळल्यावर बीपी थोडं खाली येतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण म्हणून गोळी बंद करायची नाही, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगा.

आता तयारी. कुत्रा निदान एक वर्षाचा हवा. रेबीजचं आणि बाकीची इंजेक्शनं वेळेवर, जंतांचं औषध व्हेटच्या वेळापत्रकाने, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) लस पावसाळ्याआधी, पालिकेचं लायसन्स, या सगळ्याची एक फाईल करा, वृद्धाश्रमाची मॅनेजर पहिल्यांदा तीच मागणार. कच्चं चिकन खाऊ घालत असाल तर ते बंद करा, साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याला काही होऊ न देता त्याच्यातून म्हाताऱ्या माणसापर्यंत जाऊ शकतात, अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही संस्था कच्च्या मांसावर असलेला कुत्रा थेरपीसाठी घेतच नाही.

घरच्या घरी परीक्षा घ्या. स्टीलचं ताट मागे पाडा, कुणाला तरी काठी टेकत, पाय ओढत चालायला लावा, शेजाऱ्यांकडे वॉकर असेल तर तो खडखडवत न्या, पाठीवर जरा वेडंवाकडं थोपटा, कान धरा, केस मुठीत पकडा, कारण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेलं माणूस असंच पकडतं आणि सोडत नाही. कुत्रा दचकला तर चालेल पण लगेच सावरला पाहिजे. गुरगुरला तर विषय संपला, घरी सुखाने राहू द्या. "सोड" हे तर शंभर टक्के यायलाच हवं. का ते सांगते, अशा खोल्यांमध्ये पलंगाखाली गोळ्या पडलेल्या असतात आणि माणसाची पेनकिलर कुत्र्याला विषासारखी आहे. आम्ही पार्ले-जी जमिनीवर टाकून शिकवलं, बिस्किट समोर पडलंय आणि चिंगी माझ्याकडे बघतेय, एवढं झाल्यावरच बाहेर काढलं.

जायच्या आदल्या दिवशी अंघोळ, नखं कापून वर कानसने घासायची. नखांचं लोक फार हलकं घेतात पण तिथे अर्ध्या लोकांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, कातडी कागदासारखी झालेली असते, साधा ओरखडा निघाला तरी रक्त थांबत नाही.

तिथे पोचल्यावर थेट खोलीत घुसू नका. आधी स्टाफला विचारा कुणाला अ‍ॅलर्जी आहे, कुणाला भीती वाटते, कुणाला सोवळ्याचं आहे. त्या पिढीच्या डोक्यात कुत्रा म्हणजे पोटातली चौदा इंजेक्शनं, त्यांची भीती खरी आहे, "काही करत नाही हो तो" असं म्हणून पुढे रेटायचं नाही. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर हातांना सॅनिटायझर, पलंगावर घ्यायचं तर वेगळी चादर, तोंड चाटू द्यायचं नाही आणि बेडसोर (अंथरुणाला खिळून झालेली जखम) किंवा उघडी जखम असेल तर लांबूनच नमस्कार. पट्टा छोटा धरा, लांब पट्टा वॉकरमध्ये अडकतो.

एक आजोबा आहेत, अर्धांगाचा झटका आलेला, उजवा हात जेमतेम उचलायचा. फिजिओ व्यायाम सांगायची तर तोंड फिरवायचे. मग तिने ब्रश त्या उजव्या हातात दिला, वरून आपला हात धरला आणि चिंगीच्या मानेपासून शेपटीपर्यंत एक फटकारा. आजोबा मोजायला लागले, मोठ्याने, आणि मध्येच चिंगी उठली तर "ए, बस खाली, अजून झालं नाही" असं दटावायचे. तोच व्यायाम, फक्त आता कुणासाठी तरी चाललेला.

आणि यात तुमचं काम काय? गप्पा मारणं नाही, तुमची नजर कुत्र्यावर. उगाच ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, मान फिरवतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, उकडत नसताना धापा टाकतोय, म्हणजे त्याला पुरे झालंय. तिथेच उठायचं, आजी कितीही "थांब ना गं" म्हणाल्या तरी. पेट पार्टनर्सचा नियम दिवसाला जास्तीत जास्त २ तासांचा आहे, आपल्या उकाड्यात मी पाऊण तासाच्या वर जात नाही.

ओरखडा निघाला किंवा दात लागला तर लपवू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, त्याच दिवशी डॉक्टर, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

पोपट न्यायचा का असंही एकीने विचारलं होतं. आपला हिरवा देशी पोपट घरात पाळणंच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तर तो विषय सोडा. मांजर चालते, पण पिंजऱ्यातून प्रवास आणि नवीन जागा बहुतेक मांजरांना सोसत नाही.

तारखा ठरवताना दिवाळीचा आठवडा आणि विसर्जनाचा दिवस वगळा, फटाके आणि ढोल-डीजेने भेदरलेल्या कुत्र्याकडून काही होत नाही. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत उरका, डांबर तापलं की पंजे भाजतात.