परदेशातला आयपी ब्लॉक आपल्या नावावर: फेरफार कसा करावा

जळगावात किंवा शिरपुरात बसून चार हजार फायबर ग्राहक सांभाळणाऱ्या इंटरनेट सेवादाराला एक दिवस आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीला लागणारे क्रमांक, कमी पडतात. नवे मागायला जावे, तर जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीच वाटून संपला. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक त्याच वर्षीच्या १५ एप्रिलपासून राखीव शेवटच्या तुकड्यातून वाटते आहे. त्यातून एका सदस्याला जास्तीत जास्त ५१२ ॲड्रेस मिळतात. त्याहून अधिक हवे असतील तर दुसऱ्याच्या नावावरचे पडीक ॲड्रेस विकत घ्यायचे (त्यांच्या सलग गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात), आणि ते बहुतेक वेळा अमेरिकेत किंवा युरोपात सापडतात.

इथे ‘विकत’ हा शब्द सैल अर्थाने घ्या. नोंदणी संस्था ॲड्रेसना मालमत्ता मानत नाहीत, हक्काची नोंद ठेवतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर व्यवहार फेरफाराचा आहे, आणि तो दोन तालुक्यांच्या दप्तरांत एकाच वेळी व्हावा लागतो.

आधी हिशेब करा. सीजीनॅट (एकच ॲड्रेस अनेक ग्राहकांत वाटून देणारी सोय) लावले आणि प्रत्येक ग्राहकाला त्या ॲड्रेसवरचे दोन हजार पोर्ट, म्हणजे उपक्रमांक, दिले, तर एका ॲड्रेसवर ३२ ग्राहक बसतात. चार हजार ग्राहकांना १२५ ॲड्रेस, म्हणजे अर्धा /२४ पुरतो (/२४ हा २५६ ॲड्रेसचा तुकडा, /२२ त्याच्या चौपट). बँकेच्या शाखा, दवाखाने, सीसीटीव्हीवाले यांना स्टॅटिक आयपी, म्हणजे कायम तोच राहणारा ॲड्रेस, लागतो, तेवढे वेगळे मोजा. सोबत आयपीव्ही६ (ॲड्रेसची नवी पद्धत) सुरू केले तर सीजीनॅटवरचा भार आणखी कमी होतो. हे गणित न करता /२२ मागणारे बरेच असतात. आणि आपल्या वाट्याचे ५१२ अजून घेतले नसतील, तर बाजारात जायचे कारणच नाही.

मग दप्तर ओळखा. जगात अशा पाच संस्था आहेत: एपनिक, उत्तर अमेरिकेची एरिन, युरोप-मध्यपूर्वेची राइप एनसीसी, लॅटिन अमेरिकेची लॅकनिक आणि आफ्रिकेची आफ्रिनिक. पहिल्या चार संस्थांमध्ये आयपीव्ही४ची देवाणघेवाण चालते. आफ्रिनिकच्या दप्तरातला ब्लॉक कितीही स्वस्त सांगितला, तरी हात लावू नका. भारतात एपनिकच्या खाली निक्सी या भारतीय इंटरनेट संस्थेची आयरिन ही राष्ट्रीय नोंदणी आहे. तुमचे खाते आयरिनकडे असेल, तर परदेशी ब्लॉक त्या खात्यात कोणत्या मार्गाने घ्यायचा हे सौदा ठरण्याआधी आयरिनला ईमेलवर विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत इसार देऊ नका.

सौद्यात लहानात लहान तुकडा /२४ चा. काही ब्लॉकवर मुदतीची अट असते. एरिनच्या प्रतीक्षायादीतून मिळालेला ब्लॉक ६० महिने विकता येत नाही. राइपकडे ब्लॉक मिळाल्यापासून २४ महिने थांबावे लागते. एपनिकच्या १०३ ने सुरू होणाऱ्या तुकड्याला पाच वर्षांची अट आहे.

सर्च रिपोर्ट काढा. जमीन घेताना मागचे उतारे काढतो, तसे इथेही काढायचे आणि यातच खरा वेळ घालवायचा. व्हूइजमध्ये, म्हणजे नोंदणी संस्थांच्या खुल्या नोंदवहीत, नोंद कोणाच्या नावावर आहे? विकणारी कंपनी तीच आहे का? नोंदीवरची कंपनी दुसरीत विलीन झाली असेल, तर आधी ती वारसनोंद लागायला हवी. तोवर विक्रीचा अर्ज पुढे सरकत नाही. राइपस्टॅट या साइटवर रूटिंगचा, म्हणजे ब्लॉककडे जाणाऱ्या रस्त्यांचा, इतिहास बघा. ब्लॉक आज कोणत्या एएस नंबरवरून (नेटवर्कच्या ओळखक्रमांकावरून) अनाउन्स होतो, म्हणजे ‘हा ब्लॉक माझ्याकडे आहे’ असे कोणते नेटवर्क जगाला कळवते, आणि मधल्या काळात अनोळखी एएसवर दिसला होता का, हे तिथे कळते. स्पॅम पाठवणाऱ्या ॲड्रेसची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीत प्रत्येक /२४ वेगवेगळा तपासा. यादीतला ब्लॉक घेतला तर तुमच्या व्यावसायिक ग्राहकांचे मेल परत येऊ लागतील, आणि फोन तुम्हालाच येतील.

गरज सिद्ध करा. पुढच्या २४ महिन्यांत किती लागतील ते कागदावर दाखवावे लागते: सध्याचे ॲड्रेस कुठे वापरले, ग्राहकसंख्या, सीजीनॅटचे प्रमाण, कोणत्या गावांत नवे जाळे टाकणार, उपकरणांची बिले. ‘व्यवसाय वाढतो आहे’ एवढ्यावर अर्ज हमखास परत येतो. त्यापेक्षा ‘यावल आणि रावेरमध्ये अमुक ओएलटी, त्यावर तमुक पोर्ट’ असा तक्ता द्या (ओएलटी म्हणजे फायबरच्या जोडण्या जिथून निघतात ते उपकरण, पोर्ट म्हणजे इथे त्यावरची तोंडे). ही मंजुरी सौद्याच्या आधीच घेऊन ठेवावी.

पैसे एस्क्रोमध्येच ठेवा. रक्कम त्रयस्थाकडे राहील आणि व्हूइजमध्ये तुमचे नाव दिसल्यावरच सुटेल, हे करारात स्पष्ट लिहा. परदेशात पैसे पाठवताना टीडीएस आणि जीएसटीच्या रिव्हर्स चार्जचा प्रश्न येतो. बँकेच्या खिडकीवर तो कळण्यापेक्षा आधीच सीएकडे जा.

अर्जाची सुरुवात विकणाऱ्याकडून, त्याच्या नोंदणी संस्थेत होते. ब्लॉक एरिनचा असेल तर कंपनीच्या अधिकाऱ्याचे नोटरी केलेले पत्र लागते. ती संस्था तपासून प्रकरण इकडे पाठवते, इकडे गरज तपासली जाते, शुल्क भरले जाते आणि मग दोन्हीकडच्या नोंदी बदलतात. कागद चोख असले तरी काही आठवडे धरून चाला. प्रकरण अडते ते बहुधा नावावर. कंपनी निबंधकाकडे एक स्पेलिंग, खात्यात दुसरे, करारात तिसरे. स्वल्पविरामापर्यंत जुळवून घ्या.

नाव लागले, आता ताबा. इथे घाई नडते. विकणाऱ्याने, आणि त्याने ब्लॉक भाड्याने दिला असेल तर भाडेकरूनेही, अनाउन्समेंट बंद केली आहे का ते बघा. मग क्रम असा ठेवा: आधी नव्या खात्यातून आरपीकेआयचा आरओए (हा ब्लॉक कोणता एएस अनाउन्स करू शकतो याचा डिजिटल सहीचा दाखला), मग रूट ऑब्जेक्ट (रूटिंगच्या नोंदवहीतली तशीच नोंद), मग अपस्ट्रीमला, म्हणजे ज्याच्याकडून तुम्ही इंटरनेट घेता त्याला, पत्र, आणि शेवटी अनाउन्समेंट. विकणाऱ्याच्या एएसचा जुना आरओए शिल्लक असेल आणि तुमचा नसेल, तर तुमचा रूट ‘इनव्हॅलिड’ ठरतो आणि मोठे नेटवर्क तो टाकून देतात. काही साइट उघडतात, काही नाही, आणि दोष फायबरला दिला जातो. आरओएमध्ये कमाल लांबी (किती लहान तुकड्यापर्यंत अनाउन्स चालेल तो आकडा) तुम्ही प्रत्यक्ष अनाउन्स करणार तेवढीच ठेवा. अपस्ट्रीमचे फिल्टर बदलायला एखादा दिवस जाऊ शकतो, त्यामुळे काम शुक्रवारी संध्याकाळी काढू नका.

रिव्हर्स डीएनएस, म्हणजे ॲड्रेसवरून नाव शोधण्याची सोय, आपोआप येत नाही. /२२ साठी तिचे चार झोन (प्रत्येक /२४ चा एक भाग) नव्याने सोपवावे लागतात.

शेवटची डोकेदुखी ठिकाणाची. ब्लॉक ब्राझीलमधून आला असेल, तर भुसावळच्या ग्राहकाला पोर्तुगीज पान दिसते आणि ओटीटी ॲप ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ म्हणते. यासाठी जिओफीड, म्हणजे कोणता ॲड्रेस कुठे वापरला जातो हे सांगणारी, फाइल करा. प्रत्येक ओळीत प्रीफिक्स (ॲड्रेसचा तुकडा), देशाचा कोड, राज्याचा कोड आणि शहर स्वल्पविरामाने लिहा. फाइल एचटीटीपीएसवर ठेवून तिचा दुवा नोंदणीच्या रेकॉर्डमध्ये घाला, आणि मोठ्या जिओलोकेशन कंपन्यांकडे दुरुस्तीचा अर्जही करा. सगळीकडे नोंद बदलायला कित्येक आठवडे लागतात. तोवर नव्या ब्लॉकचा एकच /२४ कार्यालयातल्या आणि ओळखीच्या ग्राहकांच्या जोडण्यांवर चालवा. यूपीआय, बँकेचे ॲप, ओटीटी आणि मेल हे चारही नीट चालू लागले की उरलेले तुकडे एकेक करून सीजीनॅटच्या पूलमध्ये घ्या.