जोन्सांच्या गर्दीत आमचा जोन्स कसा सापडला

सासरचं आडनाव जोन्स, आणि वेल्समध्ये जोन्स शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं. १८६१ च्या जनगणनेत वेल्समधल्या लानेली गावात एकाच नावाचे इतके निघाले की नवऱ्याचे खापरपणजोबा नेमके कोणते तेच कळेना, घरात माहीत एवढंच की ते बूट शिवायचे. मग लेस्टर युनिव्हर्सिटीने स्कॅन करून फुकट ठेवलेल्या जुन्या ट्रेड डिरेक्टऱ्या, म्हणजे गावोगावच्या धंदेवाल्यांच्या नाव-पत्त्यांच्या छापील याद्या उघडल्या, स्लेटर, केली वगैरे प्रकाशकांच्या. सर्चमध्ये गाव टाकलं तर काहीच नाही! दोन संध्याकाळी वाया. नंतर ट्यूब पेटली, त्या काळी लानेलीच्या स्पेलिंगात शेवटी आय नाही, वाय असायचा. शिवाय बारीक छपाईत ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, गंडतं, म्हणून सर्च सोडून सरळ पानं उलटत गेले, आधी काउंटी, मग गाव, मग धंदा. 'बूट अँड शू मेकर्स'खाली जोन्स होतेच, पण मोजके, आणि पुढे रस्त्याचं नाव! तो रस्ता जनगणनेशी जुळवला तर एकच घर उरलं. खाणकामगार, मजूर मात्र यात शोधू नका, दुकानदार-कारागीर आणि बडी मंडळीच असतात. सासूबाई आता तो रस्ता बघायला चला म्हणून मागे लागल्यात.