झाडावर एक रात्र: दोराने चढायचं, झोपायचं आणि सकाळी नीट उतरायचं

लहानपणी ज्याने दुसऱ्याच्या कैऱ्या पाडल्या आहेत, त्याला झाडावर चढणं कुणी शिकवायला नको असतं. निदान त्याला तसं वाटतं. मग चाळिशीत एखाद्या आंब्याच्या पहिल्या बेचक्यात कसंबसं पोट सरकवल्यावर लक्षात येतं की वर आलो खरे, पण आता फांदीला मिठी मारून बसण्यापलीकडे काही करता येत नाही. सगळं लक्ष न पडण्याकडे. दोराने चढलेला माणूस त्याच फांदीवर दोन्ही हात सोडून, पाय हलवत, थर्मासमधला चहा पिऊ शकतो. दोर लागतो तो या निवांतपणासाठी. आणि रात्रभर राहायचं असेल तर निवांतपणाशिवाय चालतच नाही.

ही पद्धत मुळात झाडं छाटणाऱ्या व्यावसायिकांची. अमेरिकेत अटलांटाच्या पीटर जेंकिन्स यांनी १९८३ मध्ये ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था काढून ती हौशी लोकांना शिकवायला घेतली. आपल्याकडे सह्याद्रीतले सुळके चढणाऱ्यांजवळ यातलं अर्धं सामान असतंच. पण त्यांनाच एक गोष्ट आधी विसरावी लागते. कड्यावरचा दोर पडणाऱ्याला झेलतो, म्हणून तो थोडा ताणला जाणारा असतो. झाडावरचा दोर तुम्हाला सतत टांगून धरतो, तो जवळजवळ ताणला जात नाही. त्यावर ढील ठेवून चार फूट पडलात तर झटका दोर घेत नाही, तुमची कंबर घेते. म्हणून नियम एकच: दोर जिथे अडकवला ती जागा कायम डोक्याच्या वर, आणि दोर कायम ताठ.

झाड बघणं

चढायला लागतो अर्धा तास. झाड बघायला तेवढाच वेळ द्या. आधी लांबून पाहा. शेंडा वाळलेला आहे का, मोठी फांदी मोडून वरच लटकली आहे का. मग बुंध्याशी या. मुळांशी किंवा खोडावर अळंब्यांचे कडक पंखे उगवले असतील तर आतलं लाकूड कुजत चाललंय. लाकडी मोगरीने खोड ठोकत एक फेरी मारा; पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. जवळून विजेची तार जात असेल तर ते झाड नको, त्यावर चर्चाही नको.

जुना रायवळ आंबा आणि बांधावरची चिंच, ही माझी पहिली पसंती. चिंचेचं लाकूड चिवट, फांद्या आडव्या आणि भरपूर. (चिंचेवर कोण राहतं याबद्दल गावात जे सांगतील ते ऐकून घ्या. रात्री एकदा तरी आठवतं.) जांभळाची फांदी न सांगता मोडते. शेवगा, पांगारा, गुलमोहर ठिसूळ. सावरीला वर काटेही. नारळ-पोफळीला दोर टाकायला फांदीच नाही, तो पाडेल्यांचा प्रांत.

मग त्या झाडावर आधीच कोण राहतं ते बघा. आग्या मोहोळ दिसलं तर ते झाड सोडा आणि शेजारचंही, कारण दोरावर टांगलेल्या माणसाला पळता येत नाही. पानं शिवून केलेली ओंबीलांची घरटी, शेकरूचं घरटं, धनेशाची ढोली दिसली तरी परत फिरा. थंडीत खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा वर लोंबत नाहीत ना, हेही पाहा. तिची लव अंगावर उडाली तर रात्र खाजवण्यात जाईल. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सालीवर शेवाळ असतं, एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा.

झाड कुणाचं आहे ते विचारा. खाजगी शेतातलं झाड आणि मालकाचा तोंडभर होकार, ही सगळ्यात सोपी वाट. वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचंच नाही.

सामान आणि एक गाठ

अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा, कमी ताणाचा दोर. फांदीच्या उंचीच्या दुपटीहून जास्त लांब. पंधरा मीटरवरच्या फांदीला चाळीस मीटर असू द्या. बसता येईल असा रुंद पट्ट्यांचा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, दोर त्यालाच जोडतात), कारण कड्यावर वापरायचा हलका हार्नेस तासाभरात मांड्या कापतो. हेल्मेट, स्वतः कुलूप लागणारे कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), दुसरा आखूड दोर, फांदीवरून आधी टाकायची पातळ दोरी म्हणजे थ्रोलाइन आणि तिच्या टोकाला पाव किलोची छर्ऱ्यांची पिशवी. दोर फांदीवरून सरकतो तिथे घालायला चामड्याची नळी हवीच. सालीच्या लगेच खालचा थर जिवंत असतो, आणि घासणारा दोर तो करवतीसारखा कापतो. बुटांना खिळे तर जिवंत झाडावर कधीच नको.

गाठींमध्ये ब्लेक हिच नीट शिका. झाडांवर काम करणाऱ्यांमध्ये ती १९९४ पासून जेसन ब्लेक यांच्या नावाने पसरली; ऑस्ट्रियाचे हाइन्त्स प्रोहास्का यांनी ती १९८१ मध्येच मांडली होती. मुख्य दोराभोवती खालून वर चार वेढे घ्या. टोक खाली आणून हार्नेसकडून येणाऱ्या भागाच्या पुढून, मुख्य दोराच्या मागून न्या आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढा. उरलेल्या टोकाला इंग्रजी आठाची गाठ मारा, म्हणजे ते निसटणार नाही. वजन टाकलं की ही गाठ धरते, हाताने ढकलली की सरकते. वाचून शिकायची गोष्ट नाही ही. एखाद्या गिर्यारोहण संस्थेत जाणत्या माणसासमोर, जमिनीपासून दोन फुटांवर, डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधा.

दोर टाकणं आणि चढणं

थ्रोलाइनची पिशवी गोफणीसारखी डोक्याभोवती फिरवू नका. तशी ती मालकाच्या कौलांवर जाते. दोन्ही हातांनी, पायांच्या मधून झोका देत, वर सोडा. पहिल्या दिवशी वीस प्रयत्न लागले तर लाजू नका. फांदी जिवंत आणि निदान मनगटाच्या दुप्पट-तिप्पट जाडीची हवी, आणि दोर खोडाला लागून पडला पाहिजे. थ्रोलाइनने मुख्य दोर ओढून घ्या, नळी जागेवर बसवा, आणि दोघा-तिघांनी मिळून दोराला लोंबकळा. फांदी कुरकुरली तर दुसरी शोधा.

आता दोराचं एक टोक हार्नेसला बांधायचं. त्याचंच उरलेलं शेपूट घेऊन, फांदीवरून पलीकडे उतरलेल्या बाजूवर ब्लेक हिच मारायची. ती बाजू खाली ओढली की तुम्ही वर जाता आणि गाठ सरकवून ढील काढता. हात लवकर दमतात, म्हणून गाठीखाली प्रुसिकने (वजन पडलं की दोर पकडणाऱ्या आणखी एका गाठीने) पायासाठी एक फास बांधा: पाय रोवून उभं राहायचं, गाठ वर सरकवायची, बसायचं. बसलात की गाठ धरते. घाईचं काही कारण नाही. दर चार हातांवर बसून इकडेतिकडे बघा, त्यासाठीच तर आलो आहोत.

दोर दुसऱ्या, वरच्या फांदीवर न्यायचा असेल तर आधी आखूड दोराने स्वतःला झाडाला बांधा, मग मुख्य दोर सोडा. एका क्षणासाठीही ‘नुसतं धरून’ राहायचं नाही. खाली येताना गाठीचा माथा हलकेच दाबा आणि सावकाश या. वेगाने आलात तर घर्षणाच्या उष्णतेने दोर वितळू शकतो.

खाली एक माणूस लागतोच, रात्रभर. आणि त्याला वर येऊन तुम्हाला उतरवता आलं पाहिजे. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दलाची वाट बघण्याइतका वेळ नसतो.

झोपणं

पहिली रात्र जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर काढा. हसू नका. अर्ध्या अडचणी तिथेच कळतात.

झोळी चारही कोपरे चार जागी बांधता येतील अशी घ्या, रुंद पट्ट्यांनी. दोन टोकांची नेहमीची झोळी कूस बदलताना उलटते. झोळी तुम्हाला झोपवण्यासाठी, वाचवण्यासाठी दोर. म्हणून हार्नेस घालूनच झोपायचं, मांड्यांचे पट्टे थोडे सैल, कमरेचा घट्ट, आणि डोक्यावरच्या वेगळ्या फांदीला बांधलेला दोर इतका आखूड की झोळी फाटली तरी फूटभरच खाली याल. स्लीपिंग बॅगची चेन त्या दोराभोवती लावा. खालून वारा लागतो, तेव्हा पाठीखाली फोमची चटई हवी. घोंगडी असेल तर फारच उत्तम.

वर नेलेल्या प्रत्येक वस्तूला दोरी: बाटली, हेडटॉर्च, मोबाइल, चष्मासुद्धा. विस्तव नाही, स्टोव्ह नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू. शौचाचं संध्याकाळीच उरका. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली, आणि ती पाण्याच्या बाटलीपेक्षा अंधारात हाताला वेगळी लागली पाहिजे. याचं कारण मी सांगणार नाही.

झाड रात्री हलतं. वारा नसतानाही कुठेतरी काहीतरी करकरतं. पहिल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो, पिंगळ्याची जोडी भांडत होती. कॅलिफोर्नियातल्या ज्युलिया बटरफ्लाय हिल यांनी तोड थांबवण्यासाठी एका रेडवुडवर ७३८ दिवस काढले, डिसेंबर १९९७ पासून डिसेंबर १९९९ पर्यंत. त्या रात्री हा आकडा मला खोटा वाटला होता.

हे सगळं नको, पण रात्र उंचावरच काढायची असेल, तर वनखात्याची मचाणं आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाटातल्या पाणवठ्यांवर नावनोंदणी करून बसता येतं. तिथे दोराची गाठ नाही, पण बोलायचीही सोय नाही.

सकाळी आधी सामान उतरवा, मग झोळी, शेवटी स्वतः. पाय जमिनीला लागले की एकदम चालू लागू नका, ते आखडलेले असतात. दोर ओढून घेण्याआधी त्याच्या टोकाच्या सगळ्या गाठी सोडा, नाही तर टोक वर बेचक्यात अडकतं. माझं अडकलं होतं. मी थ्रोलाइन उलगडत, हार्नेस पुन्हा चढवत, काय करायचं ते मालकाला समजावून सांगत होतो. तेवढ्यात त्यांचा बारा वर्षांचा मुलगा चपला काढून वर गेला. मी ओरडेपर्यंत त्याने गाठ सोडली होती, आणि येताना खिशातून चार चिंचा आणल्या.